नव्या शेततळ्यातील शेवाळ : कारणे, अवस्था आणि बंदोबस्त



गेल्या दोन दशकांत महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात शेततळ्यांची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढली आहे. २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून सामूहिक शेततळी झाली, तर २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. द्राक्ष, डाळिंब, मोसंबी यांसारख्या फळबागा उन्हाळ्यात जगवायच्या, तर प्लॅस्टिक कागदाचे अस्तर असलेल्या तळ्याला पर्याय नाही, हे बागायतदारांच्या अनुभवास आले आहे.

परंतु नवे तळे पहिल्यांदा भरले की काही आठवड्यांतच एक तक्रार हमखास ऐकू येते. सुरुवातीला तळ दिसेल इतके स्वच्छ असलेले पाणी तपकिरी दिसू लागते, कडेच्या कागदावर बुळबुळीत थर चढतो, पुढे हिरव्या धाग्यांचे पुंजके तरंगू लागतात. गाळण्या तुंबतात, ड्रिपर बंद पडतात. ऐन मे महिन्यात तळ्यात पाणी असूनही ते झाडाच्या बुंध्यापर्यंत पोहोचत नाही. मग घाईघाईने मोरचूद किंवा दुकानदार देईल ते औषध तळ्यात ओतले जाते. त्याने पाणी आठ-दहा दिवस स्वच्छ दिसते आणि पुन्हा पहिल्यापेक्षा अधिक हिरवे होते. असे का होते आणि त्यावर टिकाऊ उपाय कोणता, याची माहिती या लेखात दिली आहे.

शेवाळ कशावर वाढते?

शेवाळ ही अत्यंत साधी, मुळे-पाने नसलेली वनस्पती आहे. तिला आपल्या पिकाप्रमाणेच सूर्यप्रकाश, पाणी, कर्बवायू, नत्र, स्फुरद आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये लागतात. तळ्यात पाणी आणि ऊन भरपूर असते. कर्बवायू हवेतून व पाण्यातील बायकार्बोनेटमधून मिळतो. म्हणजे शेवाळाची वाढ किती होणार, हे मुख्यतः पाण्यातील नत्र आणि विशेषतः स्फुरद यांवर ठरते. जे अन्नद्रव्य सर्वात कमी, तेच वाढीची मर्यादा ठरवते, हा नियम पिकाला जसा लागू आहे तसाच शेवाळालाही आहे.

याचा हिशेब करून पाहू. वर ३० × ३० मीटर, ३ मीटर खोल आणि १:१ उताराच्या तळ्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते. साठलेल्या पाण्यात स्फुरदाचे प्रमाण लिटरला ०.०३ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की पाणी हिरवे होण्याकडे झुकते. एवढ्या तळ्याला हे प्रमाण गाठण्यासाठी केवळ ६६ ग्रॅम स्फुरद पुरते. डीएपीच्या गोणीवर लिहिलेला ४६ टक्के हा आकडा स्फुरदाच्या ऑक्साइडचा असतो. मूलद्रव्याच्या रूपात तो सुमारे २० टक्के भरतो. त्या हिशेबाने अवघे ३३० ग्रॅम, म्हणजे पेलाभर डीएपी तळ्यात गेले तरी पाणी हिरवे होण्यास पुरेसे आहे.

आता दुसरी बाजू पाहा. शेवाळाच्या कोरड्या वजनात स्फुरद साधारणपणे १ टक्का किंवा त्याहूनही कमी असते. ताज्या शेवाळात सुमारे ९० टक्के पाणी असते. म्हणजे १ किलो स्फुरदावर १०० किलो कोरडे किंवा सुमारे १ टन ओले शेवाळ पोसले जाऊ शकते. डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीत सुमारे १० किलो स्फुरद असते. पिकाला दिलेल्या खताचा थोडासा अंश जरी तळ्याकडे वळला, तरी काय होईल याची कल्पना यावरून यावी.

नत्राचे असेच आहे. बागायती पट्ट्यातील अनेक विहिरींच्या पाण्यात नायट्रेट मिसळलेले असते. पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. या मर्यादेवरील पाण्याने वरील तळे भरले, तर त्यात सुमारे २२ किलो नत्र येते, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीपेक्षा थोडे अधिक. पाणी पिण्यास योग्य असले तरी ते शेवाळाला उपाशी ठेवणारे असते असे नाही.

नव्या तळ्यातच शेवाळ जास्त का?

जुन्या मातीच्या पाझर तलावात किंवा गावतळ्यात शेवाळ असते, पण नव्या कागदी तळ्यासारखे ते एकाएकी उसळत नाही. याची कारणे अशी :

१. मातीच्या तळ्यात तळाची चिकणमाती, चुनखडी आणि लोह स्फुरद धरून ठेवतात. कागदाच्या अस्तरामुळे पाण्याचा मातीशी संबंधच राहत नाही. आलेले स्फुरद पाण्यातच राहते.

२. मातीच्या तळ्यातील पाणी थोडे गढूळ असते, त्यामुळे ऊन खोलवर जात नाही. कागदी तळ्यातील पाणी नितळ असल्याने तळापर्यंत ऊन पोहोचते आणि कागदाच्या प्रत्येक इंचावर शेवाळाला बसायला जागा मिळते. काळ्या कागदामुळे कडेचे उथळ पाणी लवकर तापते.

३. शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी, किडे, गोगलगाई, मासे यांची वस्ती नव्या तळ्यात झालेली नसते. शेवाळाचे बीजाणू मात्र वारा, पक्ष्यांचे पाय आणि विहिरीचे पाणी यांबरोबर पहिल्याच दिवशी येतात.

४. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने पाणी उडते, पण क्षार आणि अन्नद्रव्ये मागेच राहतात. वरून पुन्हा विहिरीचे पाणी सोडले की त्यात आणखी भर पडते.

नव्या तळ्यातील बदलांच्या अवस्था

शेवाळ बहुधा क्रमाक्रमाने येते. हा क्रम ओळखता आला तर विनाकारण खर्च टळतो.

पहिली अवस्था – तपकिरी थर : तळे भरल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कागदावर तपकिरी, बोटाने सहज पुसला जाणारा थर येतो. हे डायटम जातीचे शेवाळ होय. ते पाण्यातील सिलिका वापरून वाढते. सहज वापरता येणारी सिलिका कमी झाली आणि इतर जाती वाढल्या की ते आपोआप मागे पडते. या अवस्थेत कोणताही उपाय करण्याची गरज नाही.

दुसरी अवस्था – धाग्याचे शेवाळ : पावसाळा संपून ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की स्पायरोगायरा, क्लॅडोफोरा यांसारखी केसाळ शेवाळे कागदावर वाढतात. दुपारी त्यांत प्राणवायूचे बुडबुडे अडकतात आणि पुंजके वर येऊन तरंगतात. ठिबकच्या गाळण्यांना सर्वाधिक त्रास याच शेवाळाचा होतो. मात्र हातांनी काढता येणारे शेवाळही हेच आहे.

तिसरी अवस्था – हिरवे पाणी : सूक्ष्म, सुट्या पेशींचे शेवाळ पाण्यात सर्वत्र पसरते. पाणी मुगाच्या कढणासारखे दिसते. धाग्याचे शेवाळ सावलीमुळे कमी होते, पण गाळणीतून निसटून हे शेवाळ ड्रिपरपर्यंत जाते.

चौथी अवस्था – निळ्या-हिरव्या शेवाळाची साय : फेब्रुवारीनंतर पाणी तापते, पातळी खाली जाते आणि अन्नद्रव्ये दाट होतात. अशा वेळी मायक्रोसिस्टिस, अ‍ॅनाबिना या जातींची हिरवा रंग सांडल्यासारखी साय वाऱ्याच्या दिशेच्या कडेला जमते. पाण्याला कुबट वास येतो. भात खाचरात वापरले जाणारे निळे-हिरवे शेवाळाचे खत आपणास माहीत आहे. अ‍ॅनाबिना त्याच गटातील असून हवेतील नत्र स्थिर करू शकते. म्हणूनच केवळ नत्र कमी करून भागत नाही, स्फुरद रोखणे महत्त्वाचे ठरते.

प्रत्येक तळ्यात चारही अवस्था येतातच असे नाही. स्फुरद मर्यादित असेल तर तळे दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेतच स्थिर होते. शहरांतील हौशी मंडळी काचेच्या टाकीत खारे पाणी भरून समुद्री मासे पाळतात. त्यांच्या नव्या टाकीतही आधी तपकिरी थर, मग हिरवे केस असाच क्रम दिसतो. जाणकार पालक अशा वेळी औषध न ओतता माशांचे खाद्य कमी करतात, शेवाळ हातांनी काढतात आणि टाकी स्थिर होण्याची वाट पाहतात. बंदिस्त पाणी गोडे असो वा खारे, नियम एकच लागू पडतो.

शेवाळाची ओळख कशी करावी?

दोन सोप्या चाचण्या घरच्या घरी करता येतात.

काठीची चाचणी : लांब काठी पाण्यात फिरवून वर काढावी. ओल्या लोकरीसारखे धागे लोंबले तर ते धाग्याचे शेवाळ. काठीला रंग लागल्यासारखे दिसले तर निळ्या-हिरव्या शेवाळाची शंका घ्यावी.

बरणीची चाचणी : हातमोजे घालून पारदर्शक बरणी पाऊण भरावी व न हलवता रात्रभर ठेवावी. शेवाळाचा थर वर तरंगला तर ते बहुधा निळे-हिरवे असते. पाणी सारखेच हिरवे राहिले किंवा थर तळाशी बसला तर साधे हिरवे शेवाळ समजावे.

याशिवाय पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडावी व ती किती खोलीवर दिसेनाशी होते हे दर आठवड्याला वहीत लिहावे. ३० ते ४० सेंटिमीटरवर थाळी दिसेनाशी होत असेल तर पाणी माशांना मानवते, पण ठिबकच्या गाळणीवर ताण येतो. २० सेंटिमीटरच्या आतच ती दिसेनाशी झाली तर पाणी धोक्याच्या मर्यादेत आहे असे समजावे.

शेवाळामुळे होणारे नुकसान

ठिबक बंद पडणे हे दिसणारे नुकसान आहे. न दिसणारी नुकसानेही लक्षात घ्यावीत.

शेवाळ दिवसा कर्बवायू शोषून घेते, त्यामुळे दुपारी पाण्याचा सामू ९ च्या पुढेही जातो. अशा पाण्यातील चुना साका धरून ड्रिपरमध्ये पांढरा थर तयार होतो. काही कीडनाशके अशा पाण्यात लवकर विघटित होतात. फवारणीसाठी तळ्याचे पाणी वापरायचे असल्यास ते सकाळी लवकर घ्यावे व त्याचा सामू तपासावा.

रात्री हेच शेवाळ प्राणवायू वापरते. पहाटे प्राणवायू सर्वात कमी असतो. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागले, तर ही धोक्याची सूचना समजून ताबडतोब पंपाने पाणी उंचावरून तळ्यातच फवारावे.

निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती यकृत व मज्जासंस्थेवर परिणाम करणारी विषे तयार करतात. १८७८ मध्ये जॉर्ज फ्रान्सिस यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील अलेक्झांड्रिना सरोवराची साय खाऊन गुरे-मेंढ्या मेल्याची नोंद प्रसिद्ध केली. तेव्हापासून अशा घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. साय दिसताच त्या तळ्याचे पाणी जनावरांना पाजू नये, माणसांनी पिऊ नये आणि पालेभाज्यांवर ते तुषार पद्धतीने देऊ नये. उकळल्याने ही विषे खात्रीने नष्ट होत नाहीत.

मोरचूद ओतण्यापूर्वी विचार करा

पाण्यातील शेवाळ मारण्यासाठी मोरचूद वापरण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातील मूर आणि केलरमन यांनी १९०४ मध्ये तिची शिफारस प्रसिद्ध केली होती. मोरचुदाने शेवाळ मरते, याबद्दल वाद नाही. प्रश्न त्यानंतर काय होते हा आहे.

मेलेले शेवाळ तळाशी जाऊन कुजते. कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे एका रात्रीत मरू शकतात. शेवाळाच्या पेशींतील नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात मिसळते आणि पुढच्या पिढीला तयार अन्न मिळते. तणावर रोटाव्हेटर फिरवून ते शेतातच गाडले तर जमिनीतील खत कमी होत नाही, तसाच हा प्रकार आहे. शेवाळ निळे-हिरवे असेल तर पेशी फुटून विष एकदम पाण्यात उतरते. तांबे मात्र नष्ट होत नाही, ते तळाच्या गाळात वर्षानुवर्षे साठत जाते.

शिवाय मोरचुदाची मात्रा सर्व तळ्यांना सारखी नसते. ती पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या प्रमाणावर, म्हणजे अल्कलिनिटीवर ठरते. ती जास्त असेल तर मोरचुदाचा परिणाम कमी होतो. लिटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर थोडेसे मोरचूदही माशांना घातक ठरते. म्हणून पाणी तपासल्याशिवाय आणि तज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते वापरू नये. अगदीच वापरावे लागले तर एका वेळी तळ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भागावर वापरू नये, दोन वेळांमध्ये आठ-दहा दिवसांचे अंतर ठेवावे आणि मेलेले शेवाळ लगेच बाहेर काढावे.

तणनाशके तर तळ्यात कधीही टाकू नयेत. तेच पाणी पुढे आपल्याच बागेला जाणार आहे.

टिकाऊ उपाय

अ) अन्नद्रव्यांची आवक थांबवा

१. नाल्यातून पाणी उचलत असल्यास पहिल्या एक-दोन मोठ्या पावसांचे गढूळ पाणी घेऊ नये. शेतातील सुपीक माती, शेणखत आणि खते याच पाण्याबरोबर वाहून येतात. पाऊस अनिश्चित असल्याने येईल ते पाणी घेण्याचा मोह होतो, तो समजण्यासारखा आहे. अशा वेळी निदान गाळ टाकी बांधून पाणी तिच्यात स्थिरावू द्यावे व वरचे पाणीच तळ्यात सोडावे.

२. तळ्याच्या बांधावर खताच्या गोण्या ठेवू नयेत, खताचे ड्रम व फवारणी पंप तेथे धुऊ नयेत. पेलाभर डीएपीचा हिशेब वर दिलाच आहे.

३. व्हेंचुरी किंवा खत टाकीतून विद्राव्य खते देताना वीज गेली आणि फुटव्हॉल्व्ह गळका असला तर खताचे पाणी उलटे तळ्यात येते. पंपानंतर चांगला एनआरव्ही बसवावा व तो हंगामापूर्वी तपासावा.

४. बांधाला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी बांधावरून आत येणार नाही. शेळ्या-गुरे आत येऊ नयेत म्हणून कुंपण करावे. पाला पडणारी झाडे तळ्याच्या अगदी काठावर लावू नयेत.

५. विहिरीचे व तळ्याचे पाणी वर्षातून एकदा तपासून घ्यावे. नायट्रेट जास्त असल्यास तेवढे नत्र पिकाच्या खतमात्रेतून कमी करावे. शेवाळाचे कारण बचतीचे साधन होईल.

आ) शेवाळ बाहेर काढा

धाग्याचे शेवाळ बाहेर काढले म्हणजे त्यातील नत्र-स्फुरदही तळ्याबाहेर जाते. यासाठी तळ्याच्या रुंदीएवढी जुनी मच्छरदाणी किंवा शेडनेटची पट्टी घ्यावी, वरच्या कडेला रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या व खालच्या कडेला जाड दोर बांधावा. दोन्ही काठांवर दोन-दोन माणसांनी उभे राहून ती हळूहळू ओढत न्यावी. दुपारी शेवाळ वर तरंगते, त्या वेळी काम सोपे होते. दाताळे, विळे, लोखंडी आकडे वापरू नयेत, कागद फाटण्याचा धोका असतो. बारीक तुकडे पाण्यात राहिले तर ते पुन्हा वाढतात, म्हणून आठवडाभराने दुसरी ओढ द्यावी.

काढलेले शेवाळ बांधावर टाकू नये. निथळलेले पाणी पुन्हा आत जाते. ते लांब नेऊन कोरडा पालापाचोळा किंवा तुरीच्या काड्यांच्या भुश्श्याबरोबर थर देऊन कुजवावे. नुसत्या शेवाळाचा ढीग चिकट होऊन सडतो, कोरड्या काडीकचऱ्याबरोबर मात्र त्याचे चांगले कंपोस्ट होते. निळ्या-हिरव्या शेवाळाची साय जनावरांपासून दूर ठेवावी.

इ) ऊन कमी करा

लहान तळ्यांवर तारांच्या आधाराने शेडनेट टाकल्यास शेवाळाची वाढ आणि बाष्पीभवन दोन्ही कमी होतात. मोठ्या तळ्यावर हा खर्च परवडेलच असे नाही. त्यांनी उन्हाळ्यापूर्वी दोन तळ्यांतील उरलेले पाणी एका तळ्यात एकत्र करून खोली वाढवावी. उथळ, तापलेल्या पाण्यात शेवाळ झपाट्याने वाढते.

ई) माशांचा उपयोग विचारपूर्वक करा

सिल्व्हर कार्प म्हणजे चंदेरा हा मासा पाण्यातील सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. ग्रास कार्प म्हणजे गवत्या पाणवनस्पती आवडीने खातो, धाग्याचे शेवाळ काही प्रमाणात खातो. मात्र माशांनी खाल्लेले स्फुरद विष्ठेवाटे बरेचसे पाण्यातच परत येते. मासे पकडून बाहेर काढले तरच ते तळ्याबाहेर जाते.

येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. मत्स्यशेतीत माशांचे नैसर्गिक खाद्य वाढावे म्हणून तळ्यात शेणखत व सुपर फॉस्फेट टाकून मुद्दाम पाणी हिरवे करण्याची शिफारस आहे. ती मत्स्यतळ्यासाठी योग्य आहे. परंतु ज्या तळ्यावर ठिबक चालते त्यात हे करू नये. तळे प्रामुख्याने बागेसाठी की माशांसाठी, हे आधी ठरवावे. बागेच्या तळ्यात मासे सोडायचेच असतील तर कमी संख्येने सोडावेत व खाद्य मोजून, संपेल एवढेच द्यावे.

उ) ठिबक संचाचे रक्षण करा

१. फुटव्हॉल्व्ह तळाला टेकवू नये आणि पृष्ठभागावरही ठेवू नये. तरंगत्या ड्रमला बांधून तो पृष्ठभागाखाली साधारण अर्धा ते एक मीटरवर राहील अशी व्यवस्था करावी व भोवती जाळी लावावी.

२. तळ्याच्या पाण्यासाठी वाळूची गाळणी आवश्यक आहे. केवळ जाळीच्या गाळणीवर विसंबू नये. गाळणीच्या अलीकडच्या व पलीकडच्या दाबातील फरक नेहमीपेक्षा ०.३ ते ०.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरने वाढला की उलट प्रवाहाने गाळणी धुवावी. हे धुतलेले पाणी तळ्यात सोडू नये.

३. उपमुख्य नळ्या व लॅटरलची टोके पंधरा दिवसांनी उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यावीत. उघड्यावरील पांढऱ्या पीव्हीसी नळीतून प्रकाश आत जाऊन शेवाळ वाढते. अशा नळ्या जमिनीत गाडाव्यात किंवा त्यांना रंग द्यावा.

४. क्लोरीन प्रक्रिया नळ्यांत करावी, तळ्यात करू नये. २० पीपीएम क्लोरीनसाठी ३३ टक्के क्लोरीन असलेली ब्लिचिंग पावडर १,००० लिटर पाण्याला ६० ग्रॅम या प्रमाणात लागते. आवश्यक पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवून निवळू द्यावी, वरचे स्वच्छ द्रावण व्हेंचुरीतून अर्धा तास सोडावे, संच बंद करून रात्रभर तसाच ठेवावा आणि सकाळी सर्व टोके उघडून धुऊन काढावा. पाण्याचा सामू ७.५ पेक्षा जास्त असल्यास क्लोरीनचा परिणाम कमी होतो. क्लोरीन आणि आम्ल कधीही एकत्र मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. क्लोरीनबरोबर खतेही देऊ नयेत.

सुरक्षितता सर्वात आधी

शेवाळ चढलेला कागद बर्फासारखा निसरडा असतो. पोहता येणारा माणूसही अशा तळ्यात घसरला तर त्याला उतारावरून वर चढता येत नाही. शेततळ्यात बुडून लहान मुले व मोठी माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. म्हणून शेवाळ काढण्याचे काम एकट्याने कधीही करू नये. चारही बाजूंना खुंटीला बांधलेले, जागोजागी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवावेत. हवा भरलेली ट्यूब बांधावर कायम असावी. काम करणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून त्याचे टोक काठावरील माणसाने धरावे. कुंपणाचे दार नेहमी बंद ठेवावे. पंप जपण्यापेक्षा माणूस जपणे महत्त्वाचे.

वर्षभराचे वेळापत्रक

जून–जुलै : गाळ टाकी साफ करणे, पहिले गढूळ पाणी टाळणे, एनआरव्ही व कुंपण तपासणे.

ऑगस्ट–सप्टेंबर : तळे भरणे, पाण्याचा नमुना तपासणीस देणे. तपकिरी थर आल्यास वाट पाहणे.

ऑक्टोबर–नोव्हेंबर : धाग्याचे शेवाळ दोन ते तीन वेळा ओढून काढणे. वर्षभरातील सर्वात उपयोगी काम हेच आहे.

डिसेंबर–जानेवारी : थंडीत वाढ मंदावते. गाळण्यांतील वाळू धुणे, ठिबक संचाला क्लोरीन प्रक्रिया करणे.

फेब्रुवारी–मे : थाळीची खोली दर आठवड्याला नोंदवणे, सायीवर लक्ष ठेवणे, गाळणी वेळेवर धुणे. तळे रिकामे झाले की तळाचा गाळ मऊ झाडूने गोळा करून शेतात पसरणे. या गाळात वर्षभराचे स्फुरद साठलेले असते. तो तसाच ठेवला तर पुढच्या वर्षीच्या शेवाळाचे ते बेणे ठरते.

अशा प्रकारे पहिल्या वर्षी धीर धरून अन्नद्रव्यांची आवक थांबवली, आलेले शेवाळ वेळीच बाहेर काढले आणि गाळण्या सांभाळल्या, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून त्रास बराच कमी होतो. शेवाळ पूर्णपणे नाहीसे होणार नाही आणि तशी गरजही नाही. मे महिन्यात शेवटच्या ओळीतील शेवटच्या ड्रिपरमधून थेंब पडला पाहिजे, एवढे साधले तरी तळ्यावर केलेला खर्च सार्थकी लागला असे समजावे. पाणी तपासणीसाठी आपल्या भागातील कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेशी संपर्क साधावा.